आंबा काढायची काठी अ‍ॅल्युमिनियमची की फायबरची? वजनाआधी वरची तार बघा

भाट्ये (रत्नागिरी) : हापूसचा हंगाम आला की बागांमध्ये झेले बाहेर निघतात. पूर्वी झेल्याला बांबूचीच काठी असायची. आता लांब होणाऱ्या अ‍ॅल्युमिनियमच्या काठ्या मिळतात, फायबरच्याही. घेणारा हातात धरून वजन बघतो, भाव विचारतो. खरा फरक मात्र वजनात नाही.

अ‍ॅल्युमिनियम लोखंडाच्या साधारण एक तृतीयांश वजनाचं. फायबर म्हणजे काचेचे बारीक तंतू पॉलिमरच्या रेझिनमध्ये घट्ट बसवलेले. फायबरच्या होड्या याच मालाच्या. ते अ‍ॅल्युमिनियमपेक्षाही हलकं, पण तेवढं ताठ नाही. त्यामुळे काठी जाड करावी लागते आणि वजनाचा फायदा बराचसा जातो. शिवाय लांब केली की टोक डुलतं. नेमका देठ पकडायला अ‍ॅल्युमिनियमच सोपं, हे खरं.

आता बागेवरून जाणारी विजेची तार बघा. ती कशाची असते? बहुतेक अ‍ॅल्युमिनियमचीच. वीज चांगली वाहते आणि वजन कमी, म्हणूनच तारेला हा धातू वापरतात. तोच धातू वीस फूट लांब करून हातात धरला, तर तारेतून आपल्यापर्यंत वाटच करून दिली. 11 हजार व्होल्टच्या वाहिनीला काठी टेकायचीही गरज नसते, अगदी जवळ गेली तरी ठिणगी झेप घेते. पायातली रबरी चप्पल तिथे वाचवत नाही.

कोरडं, स्वच्छ काचेचं फायबर वीज वाहू देत नाही. पण भाट्येच्या किनाऱ्यावर खाऱ्या वाऱ्याने काठीवर मीठ बसतं. सकाळच्या दवात ते भिजलं की त्यावरून वीज उतरू शकते. ओल्या बांबूचंही तसंच. म्हणून काठी गोड्या पाण्याने पुसून, सुकवून सावलीत ठेवावी. उन्हाने रेझिन झिजून तंतू वर आले, हाताला टोचायला लागले, की ती काठी बाद समजा.

दुकानात 'फायबर' म्हणून काळी, फारच हलकी काठी दाखवली तर कार्बन फायबर आहे का, ते विचारा. त्यातून वीज वाहते. काही काठ्यांचा वरचा भाग फायबरचा आणि खालचा अ‍ॅल्युमिनियमचा असतो, तेही तपासून घ्या.

काठी कुठलीही असो, तारेपासून किमान दहा फूट लांब राहा. फांदी तारेला लागत असेल तर आधी महावितरणला सांगून लाइन बंद करून घ्या. काठी तारेत अडकलीच तर ओढायला जाऊ नका, 1912 वर कळवा.