झोपेत दचकणारा कुत्रा

दिवाळी आटोपली की जव्हार-मोखाड्यातील कितीतरी कुटुंबे वीटभट्टीच्या कामाला भिवंडी-वसईकडे जातात आणि पावसाच्या तोंडाला परततात. येताना पोरे कधी भट्टीवरचे बेवारशी कुत्रे बरोबर घेऊन येतात. कुत्रे गुणी निघते, दिवसा राखण करते. पण रात्री झोपेत केकाटते, दचकून उठते, अंधारात भुंकत बसते. मग घरातले कुणीतरी म्हणतेच, "बाधलंय त्याला, लांब सोडून या." सोडण्याआधी जरा थांबा.

मोखाडा तालुक्यातील एका पाड्यावर मी मागे वरईचे बियाणे घेऊन गेलो होतो. तिथे असेच आणलेले कुत्रे पडवीत झोपेत विव्हळत होते. घरच्या आठ-नऊ वर्षांच्या मुलाने त्याला पायाने ढोसले. कुत्र्याने नीट डोळे उघडण्याआधीच त्याच्या पोटरीत दात रोवले. आजोबा काठी घेऊन धावले. मी आधी मुलाला धरले, साबण मागितला आणि तांब्याने पाणी सोडीत १५ मिनिटे जखम धुतली. हळद, चुना, तिखट काही लावू दिले नाही. त्याच दिवशी त्याला दवाखान्यात नेऊन रेबीजच्या लशीचे पहिले इंजेक्शन दिले, आणि पुढचे एकही चुकवू नका असे आईला बजावले. कुत्रे १० दिवस नजरेखाली ठेवले. ते धडधाकट राहिले. ते पिसाळलेले नव्हते, घाबरलेले होते.

झोपेत पाय हलणे, बारीक कुंईकुंई करणे हे स्वप्न आहे. त्याला हात लावू नका. उठवायचेच असेल तर लांब उभे राहून हळू हाक मारा. पण अंग ताठ झाले, तोंडाला फेस आला, जागीच लघवी झाली आणि हाकेला ओ नसेल, तर ती फिट समजा. तोंडात हात घालू नका; गुरांच्या डॉक्टरांना दाखवा.

जनावराच्या मनात भीती किती खोल बसते पाहा. १९२४ च्या सप्टेंबरात रशियात लेनिनग्राडला पूर आला. पाव्हलॉव्ह या शास्त्रज्ञाची कुत्री पाण्यात अडकली. त्यांना पोहवीत बाहेर काढावे लागले. जीव वाचले, पण काही कुत्री शिकवलेले विसरून गेली. पुढे एकाच्या खोलीत दाराखालून थोडे पाणी सोडले, तर ते पुन्हा बिथरले. भट्टीवरच्या कुत्र्याने तर ट्रक, दगड, लाथा सगळे पाहिलेले असते.

तरी सगळा दोष मनावर घालू नका. त्या कुत्र्याचे कान मी उलटून पाहिले, तर आत गोचिडांची रांग! अशाला झोप कुठली लागणार? गोचिडांवर पिकाचे फवारणीचे औषध मात्र कधीही चोळू नका. कुत्रे अंग चाटते आणि मरते. त्याला कुरवाळणाऱ्या पोरांच्या हातालाही तेच लागते. गुरांच्या दवाखान्यातून वजनाप्रमाणे औषध घ्या, जंताचेही विचारा, आणि कुत्र्यालाही रेबीजची लस टोचून घ्या. माणसांच्या दुखण्याच्या गोळ्या त्याला देऊ नका.

झोपायला पडवीचा कोपरा द्या, पाठीशी भिंत असलेला, येण्याजाण्याच्या वाटेबाहेरचा. आपल्याकडच्या पावसात जमीन ओलीच असते, म्हणून खाली पेंढा आणि वर गोणपाट टाका. भिजले की बदला. भाकरी रोज ठरल्या वेळी, शक्यतो एकाच माणसाने घालावी. दिवसा शेतावर न्या, दमू द्या. रात्री उघड्यावर साखळीला बांधू नका. बिबट्या आला तर बांधलेल्या कुत्र्याने पळावे कुठे? आणि ओरडले म्हणून मारलेत, तर केलेले सगळे वाया. काही आठवडे, कधी काही महिनेही लागतील.

त्या घरची मंडळी पुढच्या दिवाळीनंतर पुन्हा भट्टीवर निघाली. आजोबा मागे राहणार होते. कुत्र्याच्या वाट्याची नागली त्यांनी आधीच मोजून वेगळ्या कणगीत ठेवली होती.