मेरीचं घर कुठलं? : आंजेलो द फोन्सेका आणि त्याआधीचे फ्लेमिश चित्रकार
(जालना इथे दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)

ख्रिस्ती धर्मचित्रांवर जालन्यात बोलायचं म्हटलं की पहिली अडचण अशी, की आपल्याकडच्या जुन्या ख्रिस्ती परंपरेत चित्रंच नाहीत. नारायण शेषाद्री हे नाव तुमच्यापैकी अनेकांनी ऐकलं असेल. १८४३ साली मुंबईत ख्रिस्ती झालेले हे ब्राह्मण गृहस्थ पुढे जालन्याला आले आणि शहराजवळ त्यांनी बेथेल हे गाव वसवलं. ते स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे. या पंथाच्या प्रार्थनाघरात भिंती कोऱ्या. मूर्ती नाही, तसबीर नाही. वाचन, प्रवचन आणि गाणं, बस. त्यामुळे मेरी दिसायला कशी, तिनं नेसायचं काय, हा प्रश्न त्या भिंतींवर येण्याचं कारणच नव्हतं. तो आला गोव्यात, कॅथलिक समाजात. आणि त्यापायी एक चित्रकार गोवा सोडून पुण्याला येऊन राहिला. आंजेलो द फोन्सेका त्याचं नाव. आज त्याच्याबद्दल बोलायचंय. पण त्याच्यावर जो आक्षेप घेतला गेला तो समजायचा, तर आधी पाचशे वर्षं मागे, आजच्या बेल्जियममध्ये एक फेरी मारावी लागेल.

पडद्यावरचं हे चित्र बघा. तूर्ने या शहरातल्या रॉबर्ट काम्पिनच्या कार्यशाळेतलं, साधारण १४२७ ते १४३२ या काळातलं. 'मेरोद ऑल्टरपीस' म्हणून ते ओळखलं जातं, आज न्यूयॉर्कमध्ये आहे. ऑल्टरपीस म्हणजे वेदीवरचं चित्र, पण हे त्या मानानं फार लहान. मधली फळी जेमतेम दोन फुटांची, दोन्ही अंगांना बिजागरीवर मिटणाऱ्या फळ्या. आपल्या लाकडी देव्हाऱ्याची दारं मिटतात ना, तसंच. हे घरात ठेवायचं चित्र आहे.

प्रसंग असा: गॅब्रिएल हा देवदूत मेरीला सांगायला आलाय की तुझ्या पोटी देवाचा पुत्र जन्मणार. बायबलप्रमाणे हे घडलं नाझरेथला. चित्रात कुठे घडतंय? फ्लेमिश शहरातल्या एका खात्यापित्या घराच्या दिवाणखान्यात. बाक आहे, शेकोटी आहे, कोनाड्यात पाण्याचं धातूचं भांडं टांगलंय, शेजारी हात पुसायचा पंचा. टेबलावरची मेणबत्ती नुकतीच विझलीय, तिचा धूर अजून वर चढतोय. लाल झग्यातली मेरी बाकावरही नाही, बाकाला टेकून जवळजवळ जमिनीवर बसलीय आणि वाचतेय. देवदूत आलाय हे अजून तिच्या लक्षातसुद्धा आलेलं नाही. वरच्या गोल खिडकीतून किरणांवरून एक इवलंसं बाळ खांद्यावर क्रूस घेऊन खाली येतंय, तेवढाच काय तो चमत्कार.

उजवीकडच्या फळीवर जोसेफ आपल्या सुतारकामाच्या दुकानात. तो करतोय काय, तर उंदराचे सापळे! एक समोर टेबलावर, एक खिडकीच्या फळीवर गिऱ्हाइकांना दिसेल असा मांडलेला. मायर शपिरो नावाच्या अभ्यासकानं १९४५ साली याचा अर्थ लावला. संत ऑगस्टिननं क्रूसाला सैतानासाठी लावलेला सापळा म्हटलंय, त्याकडे हा इशारा आहे, असं त्याचं म्हणणं. असेल. मला मात्र आधी त्या खिडकीतून दिसणारा चौक आवडतो. दुकानं, माणसं, टोकदार छपरं. नाझरेथच्या सुताराचं दुकान थेट तूर्नेसारख्या गावच्या बाजारपेठेत! आणि डाव्या फळीवर हे चित्र करवून घेणारं जोडपं उघड्या दाराशी गुडघे टेकून आत बघतंय, शेजारच्या घरात काही घडतंय म्हणून डोकवावं तसं.

हे सगळं इतकं हाताला लागेल असं का वाटतं? त्यात तेलाचा वाटा मोठा. तुम्हाला जवस माहीत आहे, आपल्याकडे चटणी होते. जवसाचं तेल पातळ थरात हवेला उघडं ठेवलं की हळूहळू घट्ट होऊन त्याचा कडक पापुद्रा बनतो. शेंगदाण्याचं तेल कितीही दिवस ठेवा, ते चिकटच राहील. काम्पिन आणि त्याच्याच काळातला यान व्हॅन आइक या मंडळींनी अशा तेलात रंग खलून पारदर्शक थरावर थर दिले. खालच्या थरावरून उजेड परत फिरतो, म्हणून तांबं तांब्यासारखं आणि कापड कापडासारखं दिसतं. तेलरंग त्यांनी शोधला असं जुनी पुस्तकं सांगतात; ते खरं नाही, तेलात रंग कालवणं त्याआधीही होतं. त्याच्याकडून काम करून घेतलं ते यांनी.

आता मुद्दा. मेरीला असं आपल्या गल्लीत आणणं तिथं कोणाला खटकायचं कारण नव्हतं. पवित्र प्रसंग आपल्याच घरात घडतोय अशी कल्पना करून ध्यान करावं, असंच त्या काळचे भक्तिग्रंथ सांगत. आपणही काही वेगळं करत नाही. राजा रविवर्म्याच्या छापखान्यातून निघालेली साडीतली लक्ष्मी आणि सरस्वती घराघरात गेली, आणि आता लक्ष्मी म्हटलं की तीच डोळ्यांसमोर येते.

मग फोन्सेकाच्या वेळी काय बिनसलं?

जन्म १९०२, गोव्यातलं सांत इस्तेव हे बेट. मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये काही काळ काढून ते शांतिनिकेतनला गेले, अवनींद्रनाथ ठाकूर आणि नंदलाल बोस यांच्याकडे शिकले. १९३०च्या सुमारास गोव्याला परतले आणि मेरी रंगवू लागले. सावळी, अनवाणी, साडी नेसलेली. चर्चच्या मंडळींना आणि बड्या घरांना ते सहन झालं नाही. ही आमची मेरी नव्हे, ही कोणीतरी हिंदू बाई आहे, असा एकूण सूर.

याला नुसतं सनातनीपण म्हणून सोडून देता येत नाही. गोव्यात कपडा हा साधा कपडा नव्हता. १७३६ साली इन्क्विझिशननं, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयानं, एक फर्मान काढलं आणि स्थानिक ख्रिस्ती लोकांच्या कितीतरी चालीरीतींवर बंदी घातली. दारात तुळस नको, पुरुषांनी धोतर नेसायचं नाही, बायकांनी चोळी घालायची नाही. इन्क्विझिशन १८१२ साली संपलं, पण तोवर कॅथलिक असणं आणि पाश्चात्त्य पेहराव यांची गाठ पक्की बसली होती. वरच्या घरांत झगे आले. साडी, म्हणजे तिथलं 'कापड', राहिलं ते शेतात राबणाऱ्या कुणबी ख्रिस्ती बायकांच्या अंगावर. म्हणजे फोन्सेकांच्या मेरीनं जे नेसलं होतं ते एका बाजूनं परधर्माचं, दुसऱ्या बाजूनं मजुरणीचं. काम्पिननं मेरीला स्वतःच्या लोकांचे कपडे दिले, ते कपडे त्याच्या लोकांकडून कोणी काढून घेतलेले नव्हते. माझ्या मते दोघांतला खरा फरक हा आहे. दोघंही करत होते तेच. एकाला शाबासकी मिळाली, दुसऱ्याला गाव सोडावं लागलं.

पुण्यात त्यांना आसरा मिळाला तो ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात. जॅक विन्स्लो या अँग्लिकन धर्मगुरूनं हा आश्रम सुरू केला होता. फोन्सेका स्वतः कॅथलिक. आपल्या चर्चनं दूर लोटलेला माणूस दुसऱ्या चर्चच्या आश्रमात राहून आयुष्यभर आपल्याच श्रद्धेची चित्रं काढत राहिला. १९५१ साली आयव्ही यांच्याशी लग्न झालं, आणि पुढे अनेक चित्रांत मेरीला त्यांचाच चेहरा आला. फोन्सेका १९६७ साली पुण्यातच वारले.

त्यांचं तंत्रही बघण्यासारखं आहे. मुख्यतः जलरंग, आणि बंगालची 'वॉश' पद्धत, जी अवनींद्रनाथांनी जपानी चित्रकारांकडून घेऊन आपली केली. कागदावर पातळ रंग लावायचा, वाळू द्यायचा, मग कागद पाण्यातून काढायचा, पुन्हा रंग. म्हणजे इथंही थरावर थरच. पण तेलात वस्तूची धार उजळते, इथं ती विरघळते, सगळं चित्र धुक्यातून यावं तसं येतं. काही चित्रांत हा हळुवारपणा मला जास्त वाटतो, मेरी जरा स्वप्नाळू होते. काम्पिनच्या उंदराच्या सापळ्याची मग आठवण येते. पण जिथं ती नुसती पोर घेऊन बसलेली सावळी बाई आहे, तिथं आपल्याला ओळख लागते. जाऊन बघा. त्यांच्या चित्रांचा मोठा संग्रह आयव्हींनी सांभाळला आणि पुढे गोव्यात पर्वरीच्या झेवियर सेंटर ऑफ हिस्टॉरिकल रिसर्चकडे सोपवला.

प्रश्न घेऊ या.

(श्रोत्यांतून : मग मेरी खरी दिसायची कशी?)

पहिल्या शतकातली पॅलेस्टाइनमधली ज्यू मुलगी. झगा नाही आणि साडीही नाही. तिचं जिवंतपणी काढलेलं चित्र आपल्याकडे एकही नाही. ख्रिस्ती लोकांत आख्यायिका आहे की शुभवर्तमान लिहिणाऱ्या लूकनं तिला समोर बसवून चित्र काढलं. काम्पिनच्याच कार्यशाळेत तयार झालेल्या रोगिअर व्हॅन डर वेडननं तो प्रसंग रंगवलाय, ते चित्र आज बोस्टनमध्ये आहे. लूक अगदी मन लावून, समोर दिसतंय तेच कागदावर उतरवतोय. आणि समोर बसलीय ती भरजरी झग्यातली फ्लेमिश बाई, मागच्या बाजूला नदी, आणि नदीकाठी फ्लेमिश गाव.