हात दांड्यावर असू दे

माझे सारे आयुष्य शब्दांत गेले. यंत्राशी नाते रेडिओचे बटण फिरवण्यापुरते. पण ईदला बहिणीकडे गेलो, तेव्हा भाच्याने मला संगणकासमोर बसवले. "मामू, चला, विमान उतरवू या!" पडद्यावर बोइंग ७३७चे कॉकपिट होते. त्याला वैमानिक व्हायचे आहे. रोज संध्याकाळी तो या सिम्युलेटरवर सराव करतो.

उतरताना विमान साधारण तीन अंशांच्या उताराने धावपट्टीकडे येते. वेग ठेवायचा ताशी अडीचशे किलोमीटरच्या आसपास. तो जास्त झाला तर धावपट्टी अपुरी पडते, फार कमी झाला तर पंखांना भार पेलवत नाही. ऑटोथ्रॉटल ही यंत्रणा हा वेग राखते. वैमानिकाने आकडा नेमून द्यायचा. वेग घटला की ती इंजिनांची ताकद वाढवते, वेग वाढला की कमी करते.

भाच्याने ती चालू केली आणि हात मांडीवर ठेवला. मी विचारले, "हिनेच चूक केली तर?" तो नुसता हसला. माझा प्रश्न मात्र मनातून जाईना. मग मी वाचत गेलो.

२५ फेब्रुवारी २००९ रोजी टर्किश एअरलाइन्सचे बोइंग ७३७ अ‍ॅमस्टरडॅमला उतरत होते. विमान जवळपास दोन हजार फुटांवर असताना उंची मोजणाऱ्या डाव्या यंत्राने उणे आठ फूट दाखवले. जमीन आली असे समजून ऑटोथ्रॉटलने इंजिने मंद केली. विमान नेमल्या उतारापेक्षा वरून येत होते, त्यामुळे इंजिने मंद होण्यात कोणाला वावगे वाटले नाही. कॉकपिटमध्ये तिघे होते, तरी वेग घटत गेला. धोक्याचा इशारा मिळाला तेव्हा उंची ४६० फूट होती. सहवैमानिकाने दांडे पुढे ढकलले, पण ऑटोथ्रॉटल चालूच होती. तिने ते पुन्हा मागे ओढले. मंद झालेल्या जेट इंजिनांत पूर्ण ताकद यायला काही सेकंद लागतात. तेवढे हाताशी उरले नव्हते. विमान धावपट्टीच्या अलीकडे शेतात कोसळले. १३५ पैकी ९ जण गेले.

म्हणून ७३७ हाताने उतरवायचे असेल, तर ऑटोपायलटबरोबर ऑटोथ्रॉटलही बंद करण्याची रीत आहे. सगळ्या विमानांत असे नसते. एअरबसमध्ये ती सहसा जमिनीपर्यंत चालू ठेवतात. मात्र वेगाच्या आकड्यावरची नजर कुठेच हटवायची नसते.

घरच्या सिम्युलेटरची आणखी एक गंमत आहे. खऱ्या ७३७मध्ये ऑटोथ्रॉटल ताकद बदलते, तसे दांडेही सरकतात. हात त्यांवर असला तर बदल हाताला कळतो. भाच्याच्या टेबलावरचा दांडा जागचा हलत नाही. यंत्रणा बंद करताच इंजिने त्या दांड्याचे ऐकू लागतात. तो मागे राहिला असेल, तर ताकद एकदम जाते. तेव्हा आधी दांडा योग्य जागी आणावा, मग यंत्रणा बंद करावी.

हे सारे मी भाच्याला फोनवर सांगितले. या वेळी तो हसला नाही. आता तो दोन्ही तऱ्हांनी विमान उतरवतो, ऑटोथ्रॉटल लावून आणि बंद करूनही. लावली तरी हात दांड्यावर असतो. आज त्याच्या मागे रिकामी खुर्ची आहे. उद्या तिथे शे-दीडशे माणसे बसलेली असतील.