विकृत डिस्क-माहिती आणि फाइल सिस्टिमची मेमरी-सुरक्षा : एक विवेचन

प्रस्तावना :
डिस्कवरील फाइलींची मांडणी सांभाळणारी फाइल सिस्टिम बहुधा कर्नलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, चालते. डिस्कमधील बिघाड, अचानक गेलेली वीज किंवा हेतुपुरस्सर केलेला फेरफार यांमुळे डिस्कवरील माहिती विकृत होऊ शकते. कर्नलने तिच्यावर विश्वास ठेवल्यास एका फाइलपुरते नुकसान न होता संपूर्ण संगणक बंद पडू शकतो. प्रसंगी त्याचे नियंत्रणही परक्या हाती जाते. अनोळखी पेन ड्राइव्ह जोडण्यातील एक धोका हाच होय.

समस्येचे स्वरूप :
लिनक्सच्या एक्स्ट४ या फाइल सिस्टिमचे उदाहरण घेऊ. तिच्या डिरेक्टरीतील प्रत्येक नोंदीत आयनोड क्रमांक (४ बाइट), नोंदीची लांबी (२ बाइट), नावाची लांबी (१ बाइट), फाइलचा प्रकार (१ बाइट) आणि त्यानंतर नाव असते. नोंदीच्या लांबीवरून पुढील नोंद सापडते. समजा, ब्लॉक ४०९६ बाइटचा आहे आणि ४००० व्या स्थानावरील नोंद आपली लांबी २०० सांगते. तपासणी नसल्यास वाचन ब्लॉकबाहेर १०४ बाइट जाईल आणि तेथील असंबद्ध मेमरी नोंद म्हणून वाचली जाईल. लांबी शून्य असल्यास प्रोग्रॅम त्याच जागी अखंड फिरत राहील.

उपाययोजना :
१) वापरापूर्वी पडताळणी : नोंदीची लांबी किमान १२ बाइट, ४ ने निःशेष विभाज्य, नावास पुरेशी आणि ब्लॉकच्या सीमेत असावी. आयनोड क्रमांक एकूण संख्येपेक्षा अधिक नसावा. एक्स्ट४ मध्ये अशा तपासण्या आहेत.

२) बेरजेतील दक्षता : ३२ बिटांच्या गणितात ४२९४९६७२९० मध्ये १० मिळविल्यास उत्तर केवळ ४ येते. त्यामुळे ‘स्थान अधिक लांबी’ ही बेरीज सीमेशी ताडणे फसवे ठरते. प्रथम स्थान सीमेत असल्याचे पाहावे आणि मग लांबीची तुलना उरलेल्या जागेशी करावी.

३) चेकसम : २०१२ मध्ये लिनक्स ३.५ पासून एक्स्ट४ च्या मेटाडेटासाठी चेकसमची सोय झाली. अपघाती विकृती त्यामुळे उघड होते. परंतु जाणूनबुजून फेरफार करणारा चेकसमही नव्याने मोजून लिहू शकतो. म्हणून चेकसम हा पडताळणीचा पर्याय नव्हे.

४) चाचणी : नोव्हेंबर २००६ मधील ‘मंथ ऑफ कर्नल बग्ज’ या उपक्रमात विकृत डिस्क-प्रतिमांमुळे उद्भवणारे अनेक दोष प्रसिद्ध झाले. मुद्दाम बिघडविलेल्या प्रतिमा देऊन चाचणी घेण्याची पद्धत आज रूढ आहे. २०१५ मध्ये लिनक्स ४.० मध्ये आलेला कर्नल अॅड्रेस सॅनिटायझर अशा चाचणीत मेमरीचा अवैध वापर तत्काळ दाखवितो.

निष्कर्ष :
डिस्कवरील माहिती आपल्याच प्रणालीने लिहिली असेल, हे गृहीतक या दोषांच्या मुळाशी आहे. डिस्कवरून आलेला प्रत्येक आकडा परका मानून तपासावा, आणि तो अग्राह्य ठरल्यास त्रुटी नोंदवून काम थांबवावे. फाइल न उघडणे ही गैरसोय आहे. चुकीच्या मेमरीत लिहिणे हे मात्र इतरांच्या माहितीचेही नुकसान आहे.