दोन फुलीच्या स्क्रूंचा हट्ट

मोटारीच्या पुढच्या चाकामागे लोखंडाची एक वाटोळी डिस्क असते. ब्रेकवर पाय पडला की दोन्ही बाजूंचे पॅड तिला चिमटीत धरतात आणि टनभर वजनाची गाडी थांबते. पुष्कळ जपानी गाड्यांत ही डिस्क हबावर दोन लहानशा स्क्रूंनी बसवलेली असते. गंमत अशी, की गाडी धावत असताना या स्क्रूंना काडीचे काम नसते. डिस्क आवळून धरतात ते चाकाचे नट. कारखान्यात चाक चढेपर्यंत ती जागची हलू नये, एवढ्यापुरतीच या दोघांची नेमणूक! पण एकदा नेमणूक झाली की खुर्ची सोडायची नाही, हा बाणा त्यांनी कुठून उचलला कोण जाणे.

आम्ही पडलो रत्नागिरीकर. इथल्या खाऱ्या हवेत खिडकीचे गजसुद्धा गंजतात, मग चाकाआड रोज भिजणाऱ्या स्क्रूंची काय कथा! यंदा पावसाळा सरता सरता ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरू लागले. कमीत कमी जाडी किती हवी ते डिस्कवरच कोरलेले असते. आमची त्याखाली उतरली होती. दिवाळीला आंबा घाट चढून कोल्हापूर गाठायचे, मागच्या सीटवर सासूबाई आणि मुले. परतताना तोच घाट उतरायचा. तेव्हा चालढकल करण्याची सोय नव्हती.

एका वर्कशॉपात एका स्क्रूची फुली पार गुळगुळीत झाली, आणि "हबासकट बदला," असा निकाल मिळाला. सौभाग्यवती म्हणाल्या, "आधी चाचांना दाखवा."

चाचा म्हणजे नाक्यावरचे म्हातारे मिस्त्री. त्यांनी गाडी जॅकवर उचलून घोड्यांवर टेकवली, कॅलिपर सोडवून तारेने टांगला (तो होजवर लोंबकळू द्यायचा नाही, बरे का!) आणि स्क्रू निरखले.

"साहेब, हा पिळून यायचा नाही. ह्याला ठोकायला पाहिजे."

कारण साधे आहे. अमेरिकेतल्या हेन्री फिलिप्सने 1936 साली पेटंट घेतलेल्या फुलीच्या भिंती उतरत्या असतात. जोर वाढला की पेचकस आपोआप वर उचलला जातो आणि फुलीच्या कडा खातो. जपानी फुलीची घडण त्याहून किंचित निराळी, त्यामुळे साधा पेचकस तिच्यात नीट बसतही नाही. चाचांनी काढला तो इम्पॅक्ट ड्रायव्हर. दिसायला जाडजूड दांडा. पण त्याच्या पोटात तिरके खाचे असतात. डोक्यावर हातोडा बसला की टोक खाली दाबले जाते आणि त्याच क्षणी थोडेसे फिरते. फुलीतून निसटायला सवडच नाही! टोक मात्र 3 नंबरचे हवे आणि दिशा उलटी लावलेली.

आधी तेल सोडून थोडा वेळ थांबले. मग स्क्रूच्या माथ्यावरच चार सरळ ठोके दिले, आट्यांतला गंज तडकावा म्हणून. गॅसची ज्योत त्यांनी वापरली नाही. मागे बेअरिंगचे सील असतात, ते जळतात. दोन्ही चाकांचे मिळून चार स्क्रू. तीन इम्पॅक्ट ड्रायव्हरला शरण आले. चौथ्याची फुलीच उरली नव्हती. डोळ्यांवर चष्मा चढवून चाचांनी 8 मिलिमीटरच्या ड्रिलने त्याचे डोके उडवले. डोके गेले की ताण गेला. डिस्कला आट्यांची दोन भोके असतात, त्यांत बोल्ट आळीपाळीने आवळले तशी ती हबापासून सुटली. उरलेला तुकडा पकडीने अलगद फिरून आला. हब शाबूत होता.

नवे स्क्रू बसवताना आट्यांना गंजरोधक वंगणाचे बोट लावले, पण डिस्कला त्याचा स्पर्श होऊ दिला नाही. "जास्त आवळू नका," असे मी म्हणण्यापूर्वीच चाचांचा हात थांबला होता. अशा स्क्रूला साधारण 10 न्यूटन-मीटर पुरे.

मी किल्ली फिरवणार तोच चाचा ओरडले, "थांबा! आधी पेडल पंप करा." नवे पॅड डिस्कला टेकेपर्यंत पेडल पोकळ जाते. चार-पाच वेळा दाबल्यावर ते पायाखाली कडक लागले आणि चाचांनी हात हलवला.