सगळ्यात अवघड पुस्तक द्या!

मे महिन्यात पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात थोडा वेळ उभं राहिलं, की हा संवाद हमखास कानावर येतो. दहावी दिलेला मुलगा गप्प, आणि वडील दुकानदाराला सांगतात, "अकरावीच्या फिजिक्सचं सगळ्यात अवघड पुस्तक द्या. सुट्टीत निम्मं तरी उरकेल." दुकानदार एच. सी. वर्मा काढतो, हौस दांडगी असेल तर सोबत इरोडोव्ह. जूनपर्यंत पहिली वीस पानं मळतात, बाकीची कोरी करकरीत राहतात.

अवघड पुस्तकानं पाया पक्का होतो, हा तो गैरसमज. कितीही वेळा खोडला तरी दर उन्हाळ्यात तो पुन्हा उगवतो.

इरोडोव्हचा उदाहरणसंग्रह सोव्हिएत विद्यापीठांतल्या विद्यार्थ्यांसाठी होता. प्रत्येक विभागाच्या सुरुवातीला सूत्रांची यादी, की लगेच उदाहरणं. त्यातून शिकलेलं तपासता येतं, नव्यानं शिकता येत नाही. हॅलिडे-रेस्निकही मुळात अमेरिकी कॉलेजचं. १९६०च्या आवृत्तीच्या नावातच 'विज्ञान आणि अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसाठी' असं होतं.

वर्मांचं १९९२ सालचं पुस्तक मात्र अकरावी-बारावीसाठीच आहे, आणि उत्तम आहे. दोष पुस्तकाचा नाहीच. त्याचं दुसरं प्रकरण सदिश आणि कलन शिकवतं. 'हे तर गणित' म्हणून मुलं ते ओलांडतात आणि तिसऱ्या प्रकरणात अडखळतात. बालभारतीच्या अकरावीच्या पुस्तकातही दुसरं प्रकरण 'मॅथेमॅटिकल मेथड्स' हेच आहे. दहावीपर्यंत कलनाशी गाठच पडलेली नसते. दोन्हीकडचे लेखक एकच गोष्ट सांगताहेत, तर निदान सुट्टीचे पहिले पंधरा दिवस तिला द्यावेत की नाही?

निवडीसाठी दुकानातच एक प्रश्न पुरतो. चेंडू सेकंदाला २० मीटर वेगानं सरळ वर फेकला. सर्वांत उंच ठिकाणी त्याचं त्वरण किती? बहुतेकांचं उत्तर: शून्य. वेग शून्य, हे बरोबर. पण त्वरणही शून्य असतं, तर चेंडू तिथेच लटकून राहिला असता! त्या क्षणाच्या ०.१ सेकंद आधी तो साधारण १ मीटर प्रतिसेकंद वेगानं वर जात होता, ०.१ सेकंदानंतर तेवढ्याच वेगानं खाली येतोय. म्हणजे ०.२ सेकंदात वेग जवळपास २ मीटर प्रतिसेकंदांनी बदलला. भागाकार करा: सुमारे १०. हे असं शब्दांत समजावून मग सूत्राकडे वळणारं पुस्तक एकट्यानं वाचता येतं. नुसतं सूत्र फेकणारं पुस्तक क्लासवाल्या सरांसाठी ठेवावं.

बाकीचे समज किरकोळ. सीईटीला अकरावी लागत नाही म्हणे. सीईटी सेलच्या माहितीपत्रकात अकरावीला २० टक्के वाटा दिलेला आहे. एनसीईआरटी आणि बालभारती विकतच घ्यायला हवीत असंही नाही. दोन्ही संकेतस्थळांवर फुकट मिळतात. जुनी आवृत्ती चालत नाही, हेही खरं नाही. २०२३-२४ पासून एनसीईआरटीच्या अकरावीच्या पुस्तकातून 'फिजिकल वर्ल्ड' हे प्रकरण गेलं, न्यूटनचे नियम होते तिथेच आहेत.

मराठी माध्यमातल्या मुलांना मात्र फिजिक्सआधी इंग्रजी अडवतं, आणि त्यावर सोपं पुस्तक हा उपाय नव्हे. उपाय म्हणजे नववीचं मराठी विज्ञानाचं पुस्तक. त्याचं पहिलंच प्रकरण 'गतीचे नियम' आहे. विस्थापन, त्वरण, बल सगळं त्यात आहे. अकरावीच्या पुस्तकाशेजारी ते आठवडाभर उघडं ठेवलं, तरी अॅक्सलरेशन ओळखीचं वाटू लागतं. अर्थात ते आधीच रद्दीत गेलं नसेल तर.