अ‍ॅड्रेस बारमधूनच थेट विकिपीडियात

कंधारचा भुईकोट किल्ला आणि राष्ट्रकूट यांबद्दल प्रकल्प लिहायचा असेल, तर मराठी विकिपीडिया पुन्हा पुन्हा उघडावा लागतो. ब्राउझरमध्ये शोधाचा शॉर्टकट केला की हा हेलपाटा वाचतो.

आधी मराठी विकिपीडियाच्या शोधपेटीत ज्या नावाचा लेख असणार नाही असा शब्द टाका. समजा, इंग्रजी 'क्यू' आठ वेळा. निकालाचे पान उघडले की वरच्या पत्त्यात तीच अक्षरे दिसतील. पूर्ण पत्ता कॉपी करा. आता क्रोमच्या सेटिंग्जमध्ये सर्च इंजिन, मग साइट सर्च आणि तिथे 'अ‍ॅड'. नाव लिहा, शॉर्टकट म्हणून 'वि' द्या, पत्ता पेस्ट करा आणि त्यातल्या आठ 'क्यू'च्या जागी टक्क्याचे चिन्ह व त्याला चिकटून इंग्रजी लहान 'एस' लिहा. तुम्ही शोधाल तो शब्द याच जागी बसतो.

यापुढे अ‍ॅड्रेस बारमध्ये 'वि' लिहून टॅब दाबा, 'कंधार' लिहा आणि एंटर. शॉर्टकट मराठीत ठेवल्यामुळे कीबोर्ड बदलावा लागत नाही. मराठी विश्वकोशासाठीही हीच रीत.

पूर्वी अशा कामाला वेगळे टूलबार बसवत. गूगलचा टूलबार 2000 साली आला, 2021मध्ये बंद झाला. आज कुठल्याही साइटने 'टूलबार घ्या' म्हटले तर सावध राहा. असे काही टूलबार नेहमीचे सर्च इंजिन परस्पर बदलतात आणि तुम्ही काय शोधता याची नोंद ठेवतात. अनोळखी टूलबार दिसला तर एक्स्टेन्शनच्या यादीतून काढून टाका.